गल्ल्यातली जुनी चिल्लर, तांब्याची नाणी कशी वेगळी काढायची?

मीनल_परळ
नमस्कार मंडळी. सासऱ्यांचं परळला किराणा दुकान होतं, ते आता बंद केलं आणि गल्ल्यातली सगळी चिल्लर डब्यांसकट घरी आली. वर एक-दोन रुपयांची नाणी आहेत पण खाली हात घातला तर चारआणे, आठाणे, भोकाचे पैसे, घोड्याचं चित्र असलेला एक पैसा, आणि काही तर इतकी काळीकुट्ट की वाचताच येत नाहीत. मामंजींचं म्हणणं, तांब्याला भाव आलाय तर तांब्याची तेवढी काढून घे आणि बाकीची बँकेत भर. मला विकायची नाहीयेत, मुलांसाठी नीट जपून ठेवायचीयेत. तर तांबं कुठलं आणि स्टील कुठलं हे ओळखायचं कसं? आणि काळी नाणी चिंच लावून घासली तर चालतील ना?

नाणेवेडा_गिरगाव
ताई आधी ती चिंच बाजूला ठेवा!! चिंच, लिंबू-मीठ, पितांबरी, काहीही लावू नका. तो काळा-तपकिरी थर बसायला साठ-सत्तर वर्षं गेलीत आणि तोच खालच्या तांब्याला सांभाळतो. घासलेलं नाणं गुलाबी चकचकीत होतं, जाणकार ते लांबूनच ओळखतो आणि किंमत धाडकन उतरते. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा, मऊ कापडावर टिपून घ्या, चोळू नका.

आता निवडायचं म्हणाल तर फ्रिजवरचं मॅग्नेट काढा. १९९२ पासूनचा छोटा रुपया पटकन चिकटतो, तो स्टीलचा. १९७५ ते १९९१ चा मोठा रुपया चिकटत नाही कारण तो कुप्रोनिकेलचा, म्हणजे ७५ टक्के तांबं आणि २५ टक्के निकेल, दिसतो पांढरा म्हणून लोकांना वाटतं ह्यात तांबं कुठलं. आधी तो ८ ग्रॅमचा होता, मग ६ ग्रॅमचा केला. अकरा कोनांचा जुना दोन रुपया, १९९२ ते २००४ चा, तोही ह्याच धातूचा, आणि तो जाडजूड ९ ग्रॅमचा पाच रुपया पण, जो हातात घेतल्यावरच कळतो. ही दोन्ही अजून भाजीवाल्याकडे, बेस्टमध्ये सुट्ट्यात येतात, मी आली की बाजूला काढतोच.

फक्त चिकटलं की स्टील असं डोळे झाकून धरू नका. निकेलही मॅग्नेटला चिकटतं, आणि १९४७ चा वाघाचा आणि १९५० चा रुपया शुद्ध निकेलचे आहेत. साठच्या दशकातली पंचवीस-पन्नास पैशांची काही नाणीसुद्धा. त्यामुळे चिकटलेल्या ढिगाचं साल एकदा बघूनच तो बँकेत न्या.

तुमचे भोकाचे पैसे १९४३ ते ४७ चे असणार आणि घोड्याचा पैसा १९५० ते ५५ चा. दोन्ही कांस्याचे, म्हणजे बहुतेक तांबंच. १९५७ ला दशमान पद्धत आली तेव्हाचा सुरुवातीचा छोटा नया पैसा पण कांस्याचा. ह्यातली बरीचशी भरपूर सापडतात, म्हणून भाव फार नाही, पण मुलांच्या हातात द्यायला ह्याच्यासारखी दुसरी वस्तू नाही.

फोर्टवाला
वरच्यांनी सगळं सांगितलं पण मजा खरी सालाखाली आहे. भिंग घ्या आणि सालाच्या खाली बघा, बारीक चौकट म्हणजे आपली मुंबईची टांकसाळ, चांदणी म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. फोर्टातली ती रिझर्व्ह बँकेसमोरची टांकसाळ, तिथून रोज बसने जातो आपण आणि खिशातल्या नाण्यावर तिची खूण आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. १९८५ चे रुपये मात्र वेगळे काढा, त्या साली काही नाणी इंग्लंडात बर्मिंगहॅमला पाडून आणली होती आणि त्यावर सालाखाली एच आहे. शिवाय दोन रुपयांच्या ढिगात १९९९ चा शिवाजी महाराजांचा आणि २००२ चा संत तुकारामांचा मिळतो का बघा, दोन्ही सुट्ट्यात आलेली नाणी आहेत, आणि ज्ञानेश्वर माउलींचा रुपया पण आहे १९९९ चा, तो स्टीलचा असल्यामुळे मॅग्नेटला चिकटणाऱ्यांत निघेल.

सचिन_डोंबिवली
मामंजींचा मुद्दा पण बरोबर आहे ना? पाच रुपयाच्या नाण्यात पावणेसात ग्रॅम तांबं आणि सव्वादोन ग्रॅम निकेल, भंगाराच्या भावाने पाचाच्या वर जातं. किलोवर दिलं तर?

नाणेवेडा_गिरगाव
सचिनभाऊ तो विचार सोडा. २०११ चा नाणे कायदा आहे, त्यात नाणं वितळवणं, मोडणं गुन्हा आहे आणि सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि मला विचाराल तर कायदा नसता तरी नको. ते जाड पाच रुपये २००६ नंतर त्या धातूत नाहीत, एकदा भट्टीत गेलं की गेलं.

न्यूजर्सी_ठाणेकर
अमेरिकेतही हेच चालतं. इथला एक सेंट १९८२ च्या आधीचा ९५ टक्के तांब्याचा, ३.११ ग्रॅम, आणि नंतरचा जस्ताचा वर तांब्याचा मुलामा, अडीच ग्रॅम. १९८२ सालात दोन्ही निघाले, म्हणून त्या सालचे काट्यावर टाकून बघावे लागतात, मॅग्नेटचा इथे उपयोग नाही. लोक बँकेतून रोल आणून रात्री बसून निवडतात. वितळवायला इथेही बंदी आहे, २००६ पासून. माझे आईवडील ठाण्याहून आले की वडील माझी बरणी उलटी करून हेच करत बसतात, त्यांना फार आवडतं.

मीनल_परळ
किती छान सांगितलंत सगळ्यांनी, मॅग्नेट लावून एक डबा झाला सुद्धा! मामंजी आता स्वतः भिंग घेऊन बसलेत आणि चौकटीवाली वेगळी रचतायत. अजून एक, ह्यात एक मोठं जड तांब्याचं नाणं मिळालंय, एका बाजूला राम-सीता-लक्ष्मण आणि मारुती, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, १८१८. भावाने फोटो कुठेतरी टाकला तर एकाचा फोन आला, लाखो रुपये देतो पण आधी रजिस्ट्रेशन आणि टॅक्स भरा म्हणे.

फोर्टवाला
एक पैसा भरू नका आणि नंबर ब्लॉक करा. असे नग कंपनीने कधीच काढले नाहीत, हे देवस्थानाचे टोकन नंतरच्या काळात बनवलेले आहेत, बाजारात ढिगाने मिळतात. कंपनीचा खरा तांब्याचा पाव आणा १८३५ चा बघा, त्यावर सिंहांचं राजचिन्ह आहे आणि मागे वेलीच्या कड्यात किंमत लिहिलीय, देव नाहीत. हे आगाऊ पैसे मागणारे इतके झालेत की रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये खास सूचना काढली होती. टोकन देवघरात ठेवा, मुलांना सांगायला गोष्ट आहेच.

आणि ठेवताना मऊ प्लास्टिकच्या पाकिटांचे अल्बम टाळा, पीव्हीसीमुळे तांब्यावर हिरवा चिकट थर धरतो. पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर मिळतात, मध्ये पारदर्शक खिडकी असते, ते घ्या. पावसाळ्यात आपल्याकडे भिंतीसुद्धा ओल्या होतात, म्हणून हवाबंद डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या, बुटांच्या खोक्यात येतात त्या चालतात, त्या मात्र गणपतीच्या आसपास एकदा बदलायच्या. मुलांना नाणं कडेने धरायला शिकवा, बोटाच्या घामाचा ठसा तांब्यावर कायमचा उमटतो.