‘एउओदिआ’ म्हणजे नुसता सुवास का?

बायबलमधलं पौलाचं इफिसकरांस पत्र ५:२ वाचत होते, तिथे मूळ ग्रीकमध्ये ‘ऑस्मे एउओदिआस’ असे दोन शब्द आहेत. दोन्ही वासाचेच ना? मग ‘सुवासाचा वास’ असं डबल का?

—

ताई, ऑस्मे म्हणजे नुसता वास, चांगला की घाण ते शब्द सांगत नाही. योहान १२:३ मध्ये मरिया जटामांसीचं तेल येशूच्या पायांना लावते आणि घरभर दरवळतं तो ऑस्मेच, आणि एकच अध्याय आधी लाजराच्या कबरीपाशी मार्था म्हणते चार दिवस झालेत, आता घाण येत असेल, ते क्रियापद ‘ओझेइ’ही त्याच कुळातलं (ओझोनचं नाव त्यावरूनच). एउओदिआमधला ‘एउ’ म्हणजे आपल्या ‘सु’चा सख्खा नातलग. झाला सु-वास.

आता डबल का, तर ती जोडी पौलाची नाहीच, जुन्या करारातली आहे. उत्पत्ती ८:२१, पूर ओसरल्यावर नोहा होमबली अर्पण करतो आणि देवाला मूळ हिब्रूत ‘रेआह निहोआह’ येतो, रेआह म्हणजे वास. निहोआहमध्ये विसाव्याचा धातू आहे, नोहाच्या नावावर कोटीच म्हणा ना. म्हणजे जीव निववणारा वास, आणि तोही अत्तराबित्तराचा नाही, वेदीवर जळणाऱ्या मांसाचा. ग्रीक भाषांतरकारांनी त्याचं ऑस्मे एउओदिआस केलं, तेव्हा निवणं गेलं आणि नुसतं छान राहिलं, मला तरी ते खटकतं. फिलिप्पैकरांनी पाठवलेल्या मदतीलाही पौल हेच म्हणतो (४:१८), म्हणजे पैशाला थेट वेदीवर चढवलं की!

—

मग २ करिंथ २:१५-१६ चं काय? तिथे तोच वास काहींना मरणाचा आहे.

—

मस्त पॉइंट. १५ मध्ये एउओदिआ आहे, १६ मध्ये दोन्ही वेळा नुसतं ऑस्मे, ‘सु’ गळाला. सुके बोंबील भाजले की आमच्या घरी सगळे ताट घेऊन बसतात आणि वरच्या मजल्यावरच्या काकू खिडक्या लावतात, वास तोच.

—

आमच्या नात्यात एकीचं नाव युओदिया आहे, सुगंध म्हणून ठेवलंय, फिलिप्पै ४:२ मधून 😊

—

अर्रर्र. त्या बाईच्या नावात ऱ्हस्व ओ आहे दादा, ‘होदोस’ म्हणजे वाट. सुवाट म्हणा, सुवास नाही. घरी सांगू नका आता.