बागेतून, पानाफुलांतून चार पैसे आणि जिवाला थोडा विसावा : तुमचे अनुभव लिहा

रानजाई
कपाट आवरताना आज जुनी ऑर्डरची वही हाती लागली. पानांवर मातीची बोटं, पाण्याने फुटलेली शाई, "जेड मोठं, मनीप्लांट दोन, कुंड्या परत देणार" असली टिपणं. तेव्हा आजारपणात नोकरी सुटली होती, झोप उडाली होती, फोन वाजला तरी उचलावासा वाटायचा नाही. औषधं चालू होतीच, त्यामुळे "झाडं लावली आणि बरी झाले" असं कुणी वाचू नका. पण काड्यांना मुळं फुटली का हे बघायचंय, एवढ्यासाठी सकाळी अंथरूण सुटायचं. मग मैत्रिणीने रोपं नेली, तिच्या शेजारणीने मागितली आणि बळंच पैसे हातात कोंबले. पगाराची सर नाही, पण औषधांपुरतं सुटायला लागलं. कुणापुढे हात पसरावा लागत नाही, याचं तेव्हा फार अप्रूप होतं.

रोपं, खत, बिया, वाळवलेली फुलं, पानांचे ठसे, तुम्ही काही विकता का? हातात काय उरतं? आणि मनाला बरं वाटतं, की ऑर्डरींचाच ताप होतो? खरं खरं लिहा.

सुरवंट
मी पहिली!! पोरगं उठलंय, सविस्तर नंतर.

मातकट
छान धागा ताई. मी नोकरी सांभाळून रोपं विकतो. सुरुवात करणाऱ्यांनी मनीप्लांट, जेड, स्नेक प्लांट असली दणकट मंडळी घ्यावीत. मनीप्लांटच्या काडीला पेर हवंच, नुसतं पान पाण्यात ठेवलं तर फार तर मुळं सुटतील, वेल होणार नाही. जेडचं पान तोडून लगेच मातीत खुपसायचं नाही, जखम सुकू द्यायची. आणि पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट पानाच्या तुकड्यांपासून केलात तर पिल्लं साधी हिरवी निघतात, काठ गायब. पिवळा काठ हवा असेल तर गड्डाच विभागायचा. गिऱ्हाईक फोटो बघून मागवतं, हिरवं हातात पडलं की भांडतं.

टोपणनाव_सुचेना
मिलीबग किडीचं काय करता हो? माझ्या जास्वंदीवर कापूस पिकलाय नुसता.

मातकट
@टोपणनाव_सुचेना, थोडे असतील तर कानकाडी सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपा. जास्त असतील तर शेंडे छाटा, मग कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात घोटून, उन्हं उतरल्यावर फवारा. पानांची मागची बाजू विसरू नका. आणि ते झाड विकायच्या रोपांपासून लांब ठेवा, मुख्य म्हणजे.

पानगळ
मी फुलं दाबून बुकमार्क आणि शुभेच्छापत्रं करते. लोकांना वाटतं पुस्तकात ठेवलं की झालं. फूल दव सुकल्यावर खुडायचं, ओलं असलं तर तपकिरी पडतं किंवा बुरशी धरतं. कॉसमॉस, व्हर्बिनासारखी चपटी फुलं पटकन वाळतात. गुलाब अख्खा दाबायच्या फंदात पडू नका, पाकळ्या सुट्या करून वाळवा आणि चिकटवताना परत फूल जुळवा. पहिले काही दिवस टिपकागद बदलत राहायचे, मग दोन-तीन आठवडे त्याकडे ढुंकून बघायचं नाही. तयार पाकळी चिमट्याने उचलली की कडक राहते, खाली लोंबते ती अजून ओली. हे करताना माझ्या डोक्यातली चक्रं थांबतात. चिमटा हातात असताना सासर, माहेर, हप्ते काही आठवत नाही :)
पैसे? कच्चा माल जवळजवळ फुकट, पण वेळ इतका जातो की तासाचा हिशोब मांडायला बसले तर रडू येईल.

सुरवंट
"चिमटा हातात असताना" यावर जाम हसले. मला एक मोठ्ठा चिमटा हवाय, नवऱ्यासाठी.

जुनं_खोड
जरा वेगळा सूर लावतो. निवृत्तीनंतर रोपं विकायला लागलो, वर्षभर झकास चाललं. मग एकाने समारंभात वाटायला रोपांची भलीमोठी ऑर्डर दिली. तारीख ठरलेली, आणि रोपं काही तारखा बघून वाढत नाहीत. ऐन उन्हाळा, रात्री उठून पाणी घालत होतो. पैसे मिळाले, पण नंतर कितीतरी दिवस बागेत पाऊल टाकावंसं वाटेना. हिने तेव्हा बजावलं, "विरंगुळा होता, तुम्ही त्याला साहेब करून बसलात." आता तयार असेल तेवढंच विकतो, आगाऊ पैसे घेत नाही. मिळकत घटली, झोप परत आली.
आणि भावात मेलेली रोपं धरा रे बाबांनो! कुंडी, माती, खत सगळे मोजतात, न जगलेल्यांचा खर्च कुणीच धरत नाही.

रानजाई
काका, अगदी पटलं. माझ्या वहीतही शेवटी शेवटी नुसती खाडाखोड आहे.

रात्रपाळी
मी नर्स आहे. मनाला बरं वाटतं ही नुसती भावना नाही. रॉजर उलरिच यांचा १९८४ सालचा अभ्यास आहे, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४६ रुग्णांवरचा. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. २०११ मध्ये नेदरलँड्समध्ये लोकांना आधी ताण येईल असं काम दिलं, मग निम्म्यांना अर्धा तास बागकाम, निम्म्यांना वाचन. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, दोघांचंही उतरलं, बागकामवाल्यांचं जास्त. अभ्यास लहान आहेत, उपचार सोडून कुंड्या आणू नका.
आता कटकट: सुकी माती, खत मिसळताना मास्क लावा आणि आधी पाणी शिंपडा. कुंडीच्या मातीतून लिजिओनेला जातीचा जंतू फुप्फुसात जाऊ शकतो. गुलाबाचा काटा बोचून झालेली गाठ बरी होत नसेल तर डॉक्टरांना "बागकाम करतो" हे आवर्जून सांगा. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घ्या.

सुरवंट
पोरगं झोपलं, आता माझं. मी निळे ठसे करते, सायनोटाइप. १८४२ मध्ये जॉन हर्शेल यांनी ही पद्धत काढली आणि लगेच पुढच्या वर्षापासून ॲना ॲटकिन्स यांनी समुद्रशैवालाचे ठसे काढले. लोहाच्या दोन क्षारांचं द्रावण कागदाला अंधाऱ्या खोलीत लावायचं, वाळलं की वर फर्नचं पान, त्यावर काच, आणि उन्हात. मग साध्या पाण्यात धुवायचं. हिरवट-पिवळा कागद पाण्याखाली निळा होत जातो आणि पानाच्या शिरा पांढऱ्या उमटतात, तेव्हा माझं पोरगंसुद्धा गप्प बसतं! विक्री बरी होते, पण शिकवण्याचे पैसे जास्त सुटतात. शनिवारी गच्चीवर चार-पाच जणी येतात, ठसे कमी, गप्पा जास्त.

पानगळ
कापडावर जमतं?

सुरवंट
सुतीवर जमतं, पण साबण सौम्य हवा, ब्लीच आणि धुण्याचा सोडा अजिबात नाही, निळा रंग उडतो.

मातकट
कापडावर झेंडूचा रंग आमच्याकडे वहिनी करतात. सुतीला आधी हिरड्याचं पाणी, मग तुरटी, तरच रंग धरतो म्हणे. मला विचारू नका, मी फक्त बादल्या उचलतो.

गोगलगाय
धागा जरा उशिरा दिसला. मी बाभळीच्या शेंगा, पडलेली साल, सुकी फळं यांची तोरणं करते. पडलेलंच उचला, राखीव जंगलातून काही आणू नका. पिसं आणि घरटी तर नकोच, बऱ्याच देशांत पक्ष्यांची पिसं विकणं गुन्हा आहे, जमिनीवर सापडलेली असली तरी. आणि सगळं नीट वाळवून घ्या, नाहीतर गिऱ्हाइकाच्या भिंतीवर भुंगे निघतात.

जुनं_खोड
भुंगे फुकट दिले म्हणायचं!

टोपणनाव_सुचेना
मातकटदादा, स्पिरिटने टिपले. आता जास्वंदीवर मुंग्यांची रांग लागलीये, त्या मिलीबग खातील ना?

मातकट
उलट हो! मिलीबगचा गोड चिकट स्राव चाटायला येतात आणि त्यासाठी त्यांची राखण करतात. आधी मुंग्यांचा बंदोबस्त करा. कुंडी पाणी भरलेल्या ताटलीत विटेवर ठेवा, फांद्या भिंतीला टेकू देऊ नका.