वळण मध्यावर, पेरणी आधी

एका कादंबरीत ठाण्याच्या दोन मैत्रिणी वीस वर्षांनी भेटतात आणि निम्म्यावर ती अचानक रहस्यकथा होते; ही वाचकाची फसवणूक वाटते, अशी तक्रार आहे. माझ्या मते अडचण पेरणीची, म्हणजे वळणाच्या खुणा आधीच लपवून ठेवण्याची आहे. २४० पानांत वळण १२०च्या आसपास असेल, तर पहिली खूण पंचविसाव्या पानाआधी यायला हवी, आणि तिथे ती मैत्रीचाच तपशील म्हणून वावरली पाहिजे. तलावपाळीवर गप्पा मारताना एकीने नवऱ्याचा फोन दोनदा कापला, तर आधी तो मैत्रिणीसाठी काढलेला वेळ वाटतो. पुढे त्याचाच पुरावा होतो.

खरी पडझड नंतर होते. पोलीस चौकशी सुरू झाली की दोघी एकमेकींना नुसती माहिती पुरवत बसतात. 'अगं', रुसवे, जुने हिशेब सगळं गायब. म्हणून उलगडा असा ठेवा, जो फक्त मैत्रिणीलाच लागेल: चिठ्ठीतलं शाळेतलं टोपणनाव, मुद्दाम चुकीची लिहिलेली वाढदिवसाची तारीख. निवेदकही तोच राहू दे.

आणि काळ तपासाच. ठाणे-वाशी लोकल २००४ मध्ये सुरू झाली. त्याआधी वाशीला राहायला गेलेल्या मैत्रिणीकडे रेल्वेने जायचं तर कुर्ल्याला गाडी बदलावी लागे. भांडणाशिवाय पडत गेलेलं अंतर दाखवायला हे किती छान आहे! याच मार्गावरचं दिघा गाव स्टेशन मात्र २०२४चं. २०१९च्या प्रसंगात कोणी तिथे उतरलं, तर रहस्यकथेचा वाचक तो धागा समजून शेवटपर्यंत उत्तर शोधत राहील.