गस्त घालतात की देतात? आणि 'बीट'ला मराठी शब्द?

सिडकोकर: सोसायटीतर्फे पोलीस ठाण्याला अर्ज लिहितोय. आमच्या सेक्रेटरींनी लिहिलंय, 'परिसरात रात्रीची गस्त देण्यात यावी.' मला 'घालण्यात यावी' बरोबर वाटतं. शिवाय 'बीट अंमलदार' (ठाण्याच्या हद्दीतला एक ठरावीक भाग, म्हणजे बीट, सांभाळणारा पोलीस) लिहायला त्यांची ना आहे, म्हणे इंग्रजी शब्द नको. काय लिहू?

रविवार कारंजा: गस्त घालतात, पहारा देतात, बंदोबस्त ठेवतात. 'गश्त' फारसी, म्हणजे फिरणं. म्हणून फेरी घालतो तशी गस्तही घालायची. पहारा प्रहरावरून आला, त्यात माणूस नेमलेल्या वेळेत जागचा हलत नाही. 'बंदोबस्त' मात्र अर्जात नको. तो कुंभमेळ्याला रामकुंडावर लागतो, तुमच्या गल्लीला झेपायचा नाही! आणि 'सेक्रेटरींचा बंदोबस्त करा' म्हटलं तर अर्थच पालटला.

खाकीतून निवृत्त: 'बीट' तसंच ठेवा. इंग्रजीच आहे, पण आता आपल्या अंगवळणी पडलंय. वनरक्षकाला बीट असतं, जिल्हा परिषदेच्या शाळांत विस्तार अधिकाऱ्यालाही असतं. पोलिसांत 'हे बीट कुणाकडे आहे?' असंच विचारतात. 'विभाग' किंवा 'क्षेत्र' लिहिलंत तर ठाण्यातला माणूस दोनदा वाचेल.

खरं तर तुम्हाला गस्तीपेक्षा बीटच हवंय. गस्तीची गाडी दिवा फिरवत येते नि जाते. चोर तेवढा वेळ आडोशाला थांबतो. बीटवाल्याला वस्ती तोंडपाठ असावी लागते. एकटे राहणारे म्हातारे कोण, कोणत्या खोलीत नवे भाडेकरू आले, कुठल्या गेटचा दिवा बंद आहे. अंबड-सातपूरच्या कारखान्यांमुळे तुमच्याकडे खोल्यांतली माणसं सारखी बदलतात, त्यामुळे भाडेकरूंची नोंद हे तिथलं अर्धं काम. आजींनी दोन दिवस दुधाची पिशवी उचलली नाही, हे दूधवाला गाडीला हात करून सांगत नाही. रोज दिसणाऱ्या हवालदाराला सांगतो.

गंगापूर रोड: म्हणजे दूधवाला खबऱ्या झाला की! उद्या कोणाकडे कोण येतं-जातं तेही सांगेल. आणि हवालदाराची बदली झाली की ओळखीची पाटी कोरी.

खाकीतून निवृत्त: बदलीचं म्हणणं मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण खबऱ्या नाही. दूधवाल्यानं दिली ती वर्दी.

रविवार कारंजा: 'वर्दी'वर थांबू या. हिंदी सिनेमामुळे आपण ती अंगावर चढवली, पण मराठीत वर्दी देतात. 'डॉक्टरांनी पोलिसांत वर्दी दिली' हे वाक्य पेपरात अजून येतं. खबर गुपचूप, बऱ्याचदा पैशासाठी. तक्रार स्वतःचं काही बिघडल्यावर. वर्दी उघडपणे, दुसऱ्यासाठीही. दिंडोरी-सिन्नरकडच्या गावांत हे काम पोलीस पाटलाचं. 1967 च्या ग्राम पोलीस कायद्यानं त्याच्यावर ते सोपवलंय. शहरात पाटील नाही, म्हणून बीट अंमलदार आणि शेजारी.

जुने नाशिक: 'मोहल्ला कमिटी' राहिली. सणांच्या तोंडावर ठाण्यात भरते ती शांतता समिती, चहा-बिस्किटं, फोटो, संपलं. भिवंडीत 1984 च्या दंगलीनंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी उभ्या केलेल्या मोहल्ला कमिट्यांत हिंदू-मुसलमान शेजारी एकत्र बसायचे, बीटच्या साध्या शिपायालाही त्यात महत्त्व होतं. 1992-93 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. दोन्हींना सरसकट 'समिती' म्हणू नये असं माझं मत.

सिडकोकर: लिहिलं: 'रात्रीची गस्त घालण्यात यावी व बीट अंमलदारांनी रहिवाशांच्या बैठकीस उपस्थित राहावे.' पाठवायचं 'पोलीस चौकी'च्या नावानं ना?

खाकीतून निवृत्त: ठाण्याच्या. चौकी ठाण्याच्या हाताखाली असते. 'प्रति, वरिष्ठ पोलीस निरीक्षक' लिहा, आणि आवक शिक्का मारलेली प्रत मागून घ्या.