समर्थ मंदिरानंतरचा चढ : घाटातल्या मॅरेथॉनचे तुमचे अनुभव

ओलारस्ता

परवा सकाळी आमच्या कॉलनीच्या उतारावरून चार-पाच पोरं पळत सुटली, स्कूलबस निघून जाईल म्हणून. रात्रभर पाऊस झालेला. त्यांच्या भिजलेल्या बुटांचा चप् चप् चप् आवाज आला आणि मी चहाचा कप हातात धरून खिडकीतच उभी राहिले. थेट यवतेश्वरचा घाट.

2018 ची सातारा हिल हाफ मॅरेथॉन. माझी पहिलीच. समर्थ मंदिरापर्यंत सगळं गावजत्रेसारखं होतं, ढोल, शाळेतली मुलं, गॅलरीतून हात हलवणाऱ्या आज्या. तिथून चढ सुरू झाला आणि पाच मिनिटांत सगळ्यांची बडबड बंद. वर धुकं इतकं दाट की पुढच्याचा टीशर्टसुद्धा दिसेना. फक्त आवाज. शेकडो ओल्या बुटांचा आणि श्वासांचा. मला अजूनही वाटतं की तो घाट मी डोळ्यांनी नाही, कानांनी पळले.

चढावर मी विजेचे खांब मोजत होते. तीन खांब पळायचं, एक खांब चालायचं. साडेदहा किलोमीटरला वळसा घेतला तेव्हा सगळे म्हणत होते, आता काय, उतारच आहे. परतीच्या वाटेवर एका वळणावर धुकं एकदम फाटलं आणि खाली अख्खं सातारा! समोर अजिंक्यतारा, ओली कौलं, ओले पत्रे, कुठे कुठे चुलीचा धूर. मी थांबले. चांगली मिनिटभर. मागून एक काका म्हणाले, "बघून घ्या ताई, टायमिंग काय पुढच्या वर्षीपण येतं."

2 तास 47 मिनिटं लागली. त्यातलं ते एक मिनिट मला कुणी परत देतो म्हटलं तरी नको.

तुम्ही घाटात, दरीत, डोंगरात पळला असाल तर लिहा. सातारच पाहिजे असं नाही.

किनारा

अगं मीपण 2018!! तो धुक्याचा पडदा उघडला तेव्हा मी बहुतेक तुझ्या शे-दोनशे मीटर पुढे असणार. फोटो काढायला फोन बाहेर काढला तर स्क्रीन ओली, बोट चालेना. एकही फोटो नाही माझ्याकडे.

यवतेश्वरकर

आमचं घर रूटवरच हाय. 2012 ला पहिल्यांदा झाली तवा आम्ही दारात उभं राहून बघायचो, ही माणसं पैसं भरून घाट चढायला का येत्यात म्हणून. आई म्हणाली आपण रोज चढतो तर आपल्याला कोण मेडल देत नाय! आता तीच पहाटे चारला उठती आन अंगण झाडून घेती, पाव्हणं येणार म्हणून.

मी चार वर्षं पाण्याच्या टेबलावर व्हालंटिअर होतो. पाणी देणं सोपं वाटतं, पण नाय. ग्लास काठोकाठ भरला की पळणाऱ्याच्या नाकात जातं, म्हणून अर्धाच भरायचा. धरायचा वरच्या कडेला दोन बोटांनी, म्हणजे त्याला खालून उचलता येतो. आन आपण जागेवर उभं नाय राहायचं, त्याच्याबरोबर दोन पावलं पळायचं. न्हाईतर निम्मं पाणी हातावर. परतीच्या वेळी मीठ लावलेली संत्र्याची फोड लय चालती. एक जण फोड घेऊन रडायलाच लागला. गोळे आलेले दोन्ही पिंढऱ्यांत. त्याला दगडावर बसवला, बूट काढला, पायाचा अंगठा धरून वर ताणला. दहा मिनिटांनी उठून गेला. पुढच्या वर्षी त्यानं मला बरोबर ओळखलं, मी न्हाई ओळखलं.

2015 ला गिनीजमध्ये नाव लागलं त्या वर्षी तर घाटात मुंगीला वाट नव्हती.

ओलारस्ता

यवतेश्वरकर दादा, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. त्या वर्षी एका अंगणात निळ्या रंगाची रांगोळी बघितल्याचं आठवतंय मला. तुमचंच घर का?

यवतेश्वरकर

निळी नसंल. आई हिरवी काढती. शेजारच्या काकूंची असंल.

पिंढरीपुराण

चढाला सगळे घाबरतात, खरा हिसका उतार दाखवतो हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. मी तीन महिने फक्त चढ पळून गेलो होतो. वर पोचलो तेव्हा एकदम ताजा. मग सोडलं स्वतःला उतारावर, हात पसरून, लहान मुलासारखा. पंधराव्या किलोमीटरला मांड्या दगड. शेवटचे तीन किलोमीटर शहरातल्या सपाट रस्त्यावर मी कसा आलो ते मला माहीत.

नंतर फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी समजावलं. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडून जोर लावतो. उतरताना तोच स्नायू लांब होत होत ब्रेक लावतो, प्रत्येक पावलाला अख्ख्या शरीराचं वजन झेलत. त्यानं आत बारीक बारीक चिरा पडतात. म्हणून दुखणं त्या दिवशी कमी आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त. मी मंगळवारी ऑफिसचा जिना उलटा उतरत होतो, कठडा धरून. पण एकदा असं सोसलं की पुढच्या वेळी तोच उतार तेवढा मारत नाही, स्नायू शिकतो. म्हणून शर्यतीच्या महिनाभर आधी दोन-तीनदा तरी मुद्दाम उतार पळा. पावलं छोटी, पटापट, अंग किंचित पुढे. मागे झुकलात की टाच आपटते आणि गुडघा बोलतो.

किनारा

जिना उलटा, अगदी अगदी.

कंदीपेढा

सगळं वाचलं, डोळे भरून आले वगैरे, पण एकानेही पेढ्यांचा उल्लेख केला नाही? फिनिश लाइनवरून थेट मोती चौक. मेडल गळ्यात, पायात स्लिपर, हातात कंदी पेढ्याचा अर्धा किलोचा पुडा. एकवीस किलोमीटरनंतर तो खरपूस भाजलेला खवा जिभेवर ठेवला की काय होतं ते ज्यानं खाल्लं त्यालाच कळतं.

यवतेश्वरकर

अर्धा किलो एकट्यानं??

कंदीपेढा

पुण्यापर्यंत पुरला नाही. खंबाटकीच्या अलीकडेच संपला.

परदेशीपाऊल

मी सध्या युटामध्ये आहे, सात वर्षं झाली. इथे सेंट जॉर्ज नावाच्या गावात दर ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी मॅरेथॉन असते, 1977 पासून. पूर्ण 42 किलोमीटर. डोंगरातून खाली गावात यायचं, अडीच हजार फुटांपेक्षा जास्त उतार. पिंढरीपुराण यांची पोस्ट मला दोन वर्षं आधी वाचायला मिळायला हवी होती!

पहाटे चारला गावातून बसमध्ये बसवतात आणि वर नेऊन अंधारात सोडतात. वाळवंटातला डोंगर, कडाक्याची थंडी. तिथे ओळीनं शेकोट्या पेटवलेल्या असतात आणि हजारो माणसं त्यांच्याभोवती गोल करून उभी. कुणी बोलत नाही फारसं. मला एकदम आमच्या वाईच्या घरामागची जानेवारीतली शेकोटी आठवली, बाबा पालापाचोळा ढकलायचे ती. शेजारी एक म्हातारी बाई होती, सत्तरीच्या पुढची. तिनं न विचारता मला तिच्या जुन्या स्वेटरची एक बाही दिली. दुसरी तिच्या हातावर. तळवे झाकायला. तिथे लोक जुने कपडे घालून येतात आणि अंग तापलं की रस्त्याच्या कडेला टाकत जातात.

सातव्या मैलाच्या आसपास वेयो नावाचं गाव लागतं. बाजूला विझलेल्या ज्वालामुखीचा काळा शंकू, आणि तिथेच चढ. सगळी शर्यत उताराची म्हणून लोक गाफील असतात, तो चढ पुरता घाम काढतो. पुढे स्नो कॅनियन. नावात स्नो आहे पण बर्फाशी संबंध नाही, तिथल्या सुरुवातीच्या वसाहतीतल्या स्नो आडनावाच्या पुढाऱ्यांवरून ते नाव. लाल कडे, मधूनच पांढरे, मध्ये गोठलेल्या लाव्ह्याचा काळा पट्टा. सूर्य वर आला तेव्हा तो लाल रंग पेटला. आपल्याकडचा डोंगर पावसात हिरवा होऊन हाक मारतो. हा नुसता उभा असतो, कोरडा, आणि तरी बघत राहावंसं वाटतं.

दोन्ही अंगठ्यांची नखं काळी झाली. उतारावर पाय बुटात पुढे सरकत राहतो म्हणून. आता अर्धा नंबर मोठा बूट घेते.

ओलारस्ता

स्वेटरची एक बाही... हे मी विसरणार नाही. वाईच्या कुठल्या तुम्ही?

परदेशीपाऊल

गंगापुरी. तुम्ही?

ओलारस्ता

माझं आजोळ मेणवली!! व्यक्तिगत निरोप करते.

थांबलेली

मी पळत नाही. नवरा पळतो. मी फिनिशला उभी असते, दोन पिशव्या, एक छत्री आणि एक झोपलेलं पोर घेऊन. तो तीन तासांत येतो म्हणाला होता, सव्वातीन झाले, साडेतीन झाले. फोन त्याच्या पिशवीत, पिशवी माझ्याकडे. ढोल वाजतायत, लोक हसत फोटो काढतायत आणि मी प्रत्येक अँब्युलन्सकडे बघतेय. 3 तास 38 मिनिटांनी आला, लंगडत, दुसऱ्या एका अनोळखी मुलाला खांद्याचा आधार देत. त्या मुलाला गोळे आले होते म्हणून हा त्याच्याबरोबर चालत आला शेवटचे पाच किलोमीटर. मी रागावणार होते. नाही रागावले. त्या मुलाच्या आईचा दिवाळीला फोन येतो अजून.

पळणाऱ्यांना एवढंच सांगणं, घरचा एक फोन नंबर बिबच्या, म्हणजे छातीवर लावतात त्या धावण्याच्या नंबराच्या, मागे पेनानं नीट लिहा. भिजला तरी वाचता येईल असा. खरंच लिहा.

किनारा

थांबलेली ताई, बिबच्या मागे लिहायचं आता कधीच चुकवणार नाही.

उंचसखल

लेहला पळलोय, हाफ. 11,500 फूट. तिथे पाय नाही, फुप्फुस ठरवतं किती पळायचं ते. आठवडाभर आधी जाऊन राहिलो, पहिले दोन दिवस नुसता झोपून आणि पाणी पिऊन. तरी पहिल्या किलोमीटरला वाटलं कुणीतरी छातीवर पोतं ठेवलंय. सिंधूच्या पुलावर वारा आला आणि बरं वाटलं. त्याच वेळी तिथे 72 किलोमीटरची खार्दुंग ला चॅलेंजही असते, रात्री अंधारात निघून खिंड ओलांडून लेहला येणारी माणसं बघितली. आपण काहीच न बोलता टाळ्या वाजवायच्या.

नवखी

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. मी पुण्यात असते, यंदा साताऱ्याला नाव दिलंय, दहा किमी आरामात पळते पण सगळं सपाटीवर. चढाची सवय कुठे करू? एकटी जायला भीती वाटते अशा जागा नकोत.

पिंढरीपुराण

सिंहगडचा गाडीरस्ता, रविवारी पहाटे. माणसांचा पूर असतो, एकटं वाटतच नाही. नाहीतर बोपदेव घाट, पण तिथे गाड्यांचं भान ठेव, उजव्या बाजूनं पळ म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. पहिल्या दिवशी निम्म्यातून परत फिर.

कंदीपेढा

सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही आहे हे लक्षात असू दे नवखी. प्रेरणा लागतेच.

ठाण्याहून

मुंबईकडच्यांसाठी: येऊर, किंवा बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीपर्यंतचा रस्ता. पावसात दोन्ही स्वर्ग.

माझा अनुभव छोटा आणि कडू. एका डोंगरातल्या शर्यतीला (नाव घेत नाही) सुरुवातीच्या ठिकाणी नेणारी बस तासभर उशिरा आली. आम्ही चाळीस जण शर्यत सुटल्यावर पोचलो. वॉर्मअप नाही, बाथरूम नाही. पायात वेळ मोजणारी चिप, पण शर्यतीचं घड्याळ आधीच चालू. एका साठीच्या बाईंनी मात्र आम्हा सगळ्यांना थांबवलं, दोन मिनिटं हात-पाय फिरवून घेतले आणि म्हणाल्या, "डोंगर कुठे पळून जातोय?" आम्ही चाळीस जण शेवटचे निघालो आणि एकत्रच आलो. त्यातले अकरा जण अजून दर रविवारी बरोबर पळतो.

यवतेश्वरकर

सप्टेंबरला येणाऱ्यांनी एक दिवस जादा काढून या. घाटाच्या कडंला तेरडा गुलाबी झालेला असतो, सोनकी पिवळी. पळताना कोण बघत नाय. दुसऱ्या दिवशी चालत या, लंगडत का व्हईना. कासला पोटभर फुलं. घरी चहा देतो, नाव सांगायचं फक्त.

नवखी

दादा मी खरंच येईन हं. आणि अजून एक विचारायचं राहिलं, काल पावसात पळाले, बूट अजून ओले आहेत, उद्या परत पळायचंय. उन्हात ठेवू का गच्चीत?

ओलारस्ता

उन्हात नको गं, सोल सुटतं. आतली पट्टी काढून वेगळी वाळव. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंब आणि पंख्याखाली ठेव, तासाभरानं बोळे बदल. रात्री झोपताना अजून एकदा. सकाळी कोरडे असतील.