मुलंबाळं असली की पीपीओच? आकडेमोड करा आधी

खवचट_हिशेबी:
परवा अमेरिकेतल्या ऑफिसच्या हेल्थ इन्शुरन्सवर एका महाशयांनी ठोकून दिलं, "मुलंबाळं असतील तर पीपीओच घ्या, हाय डिडक्टिबल हा कंपन्यांचा डाव आहे." हिशेब शून्य. मी मांडतो. पीपीओ म्हणजे हप्ता जास्त, पण उपचाराच्या वेळी खिशातून कमी. हाय डिडक्टिबल प्लॅन, म्हणजेच एचडीएचपी, उलटा: हप्ता कमी, पण डिडक्टिबल, म्हणजे इन्शुरन्सने पैसे द्यायच्या आधी स्वतः भरायची रक्कम, मोठी. समजा फॅमिली प्लॅनला पगारातून पीपीओसाठी महिना ४५० डॉलर कापतात, एचडीएचपीसाठी २५०. वर्षाला २४०० वाचले. एम्प्लॉयर एचएसएत, म्हणजे एचडीएचपीसोबत उघडता येणाऱ्या तुमच्या करमुक्त आरोग्य-बचत खात्यात, १५०० टाकतो. झाले ३९००. आउट ऑफ पॉकेट मॅक्स, म्हणजे वर्षात खिशातून जास्तीत जास्त जाईल ती रक्कम, अनुक्रमे ६००० आणि ९०००, फरक ३०००. म्हणजे वर्षभर हॉस्पिटलच्या खेपा झाल्या तरी ९०० डॉलर तुमचेच. टॅक्स अजून धरलेलाच नाही.

न्यूजर्सीकर:
"समजा"ने सुरू होणारा हिशेब कधी हरतो का? सगळेच एम्प्लॉयर पैसे टाकत नाहीत. ते १५०० काढा, ९०० नफ्याचे ६०० तोट्याचे होतात. शिवाय न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया एचएसए मानतच नाहीत, स्टेट टॅक्स लागतोच. आणि एफएसएची, म्हणजे पीपीओसोबत घेता येणाऱ्या ऑफिसच्या करमुक्त खर्च-खात्याची, पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते, एचएसएत जमलं असेल तेवढंच. जानेवारीत एमआरआय निघाला की काय कराल?

खवचट_हिशेबी:
एचएसएत टाकायची २०२६ ची फॅमिली मर्यादा ८७५०. ती सगळी तुमच्याच पैशातून भरलीत तर बावीस टक्क्यांच्या ब्रॅकेटात १९२५ डॉलर फेडरल टॅक्स वाचतो, तो सोयीस्कर गिळलात. पगारातून कापून घेतलं तर सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५ टक्केही वाचतात. पगाराबाहेरून स्वतः भरलं तर ते ७.६५ गेले. एमआरआयचं बिल खिशातून भरा, पुढे केव्हाही एचएसएतून काढा. बिल खातं उघडल्यानंतरचं हवं, एवढंच, मुदत नाही. आणि ईओबी, म्हणजे इन्शुरन्स कंपनीने पाठवलेला बिलाचा हिशेब, येईपर्यंत काउंटरवर मागितलेली अंदाजे रक्कम देऊ नका. इन्शुरन्सने ठरवून घेतलेला नेगोशिएटेड रेट कमी निघाला तर रिफंडचे फोन तुम्हालाच करावे लागतात.

न्यूजर्सीकर:
८७५० बाजूला टाकायला आधी ८७५० उरावे लागतात, साहेब.

सुट्टीला_पुण्यात:
अवांतर: डिसेंबरात पुण्यात रूट कॅनाल केली तर एचएसएतून चालते ना? आणि आईबाबांचा व्हिजिटर इन्शुरन्स?

खवचट_हिशेबी:
रूट कॅनाल चालते. पावतीवर पेशंटचं नाव, तारीख, काय केलं आणि रक्कम हवी. त्या दिवसाचा डॉलरचा दर टाचून ठेवा. सुट्टीचं विमानाचं तिकीट त्यात घुसडू नका. व्हिजिटर इन्शुरन्स नाही.

ठाणे_ते_टेक्सास:
आणि बॅग भरून आणतो त्या बीपीच्या गोळ्या?

खवचट_हिशेबी:
डॉक्टरने लिहून दिलेली, तिथे घेऊन तिथेच खाल्लेली चालते. इथे आणलेली स्ट्रिप नाही.

ठाणे_ते_टेक्सास:
काहीही हं! कोण बघतंय?

खवचट_हिशेबी:
ऑडिटवाला. पासष्टच्या आत असाल तर इन्कम टॅक्स आणि वर २० टक्के दंड. करा हवं ते.

सुट्टीला_पुण्यात:
आईबाबा डिपेंडंट दाखवले तर?

न्यूजर्सीकर:
भारतीय नागरिक असून भारतात राहतात, तर नाही. ग्रीन कार्डवर इथे असतील आणि निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही उचलत असाल, तर त्यांची बिलं चालतील. धागा पुण्याला गेलाच आहे, तर ज्यात हात पोळतात ते सांगतो: नवरा किंवा बायकोच्या ऑफिसातली साधी एफएसए सुरू असेल तर तुम्ही एचएसएत एक डॉलरही टाकू शकत नाही. फक्त दात-डोळ्यांपुरती, म्हणजे लिमिटेड पर्पज असेल तर चालते. टाकलेत तर ते जादा योगदान. रिटर्नच्या मुदतीआधी त्यावरच्या कमाईसकट काढा, नाहीतर दरवर्षी ६ टक्के. आणि हिशेबीसाहेब, दरमहा महागडं इंजेक्शन असेल तर? पीपीओत सहसा कोपे, म्हणजे दर वेळी ठरलेली रक्कम, तुमच्याकडे डिडक्टिबल संपेपर्यंत पूर्ण भाव. औषध कंपनीच्या कूपनने भरलेली रक्कम डिडक्टिबलमध्ये धरत नाहीत, खिशातून गेली तेवढीच.

खवचट_हिशेबी:
बरं बाबा. महागडं औषध कायमचं, एम्प्लॉयर दमडी देत नाही आणि महिनाअखेर शिल्लकही नाही, तर पीपीओ. हे "मुलंबाळं असतील तर" होत नाही.

न्यूजर्सीकर:
हेच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर?

सुट्टीला_पुण्यात:
पावती मराठीत असली तर चालेल का?