‘ट्रेसर’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : स्तनाच्या कर्करोगासाठी होणाऱ्या एफईएस पेट स्कॅनचे माहितीपत्रक मराठीत करते आहे. ‘रेडिओॲक्टिव्ह ट्रेसर’साठी, म्हणजे स्कॅनआधी शरीरात सोडायच्या किरणोत्सारी द्रव्यासाठी, ‘अनुरेखक’ आणि ‘मागोवक’ असे पर्याय सुचवले गेले. रुग्ण मात्र सरसकट ‘डाय’च म्हणतात. तोच ठेवू का?

– ‘डाय’ नक्कीच नको. सीटी स्कॅनचा आयोडीनयुक्त डाय क्ष-किरण अडवतो. कुठली पेशी कसली, याच्याशी त्याला घेणेदेणे नाही. एफईएस म्हणजे इस्ट्रॅडिओल या संप्रेरकाच्या रेणूला जोडलेला फ्लोरीन-१८ चा अणू. इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे ग्राही (रिसेप्टर, म्हणजे ते जिथे येऊन बसते त्या जागा) असलेल्या पेशींत तो जाऊन बसतो. फ्लोरीनमधून सुटलेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोघेही नष्ट होऊन गॅमा किरणांची जोडी विरुद्ध दिशांना निघते आणि यंत्र ती टिपते. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे. कॅटझेनेलेनबोगेन आणि वेल्च या संशोधकांनी अमेरिकेत १९८०च्या दशकात हे द्रव्य पुढे आणले. तिथल्या एफडीएची, म्हणजे औषध नियामक संस्थेची, मान्यता मिळायला २०२० उजाडले.

– ‘अनुरेखक’ वाचून मला ट्रेसिंग पेपर आठवतो. ‘मागोवक’ बरा, पण मागोवा ते द्रव्य घेत नाही, आपण त्याचा घेतो. म्हणून ‘मागद्रव्य’ कसे वाटते?

– मागद्रव्य आवडले. आणि कृपा करून ‘रिसेप्टर’ला ‘ग्राहक’ लिहू नका, दुकान डोळ्यांपुढे येते. ‘ग्राही’ रुळलेला आहे. ‘ईआर पॉझिटिव्ह’ (इस्ट्रोजेनचे ग्राही असलेली गाठ) मात्र तसेच राहू द्या, रिपोर्टवर तेच छापलेले असते.

प्रश्नकर्ती : गाठीत ते द्रव्य साठते, त्या ‘अपटेक’चे काय? ‘शोषण’ भलतेच वाटते.

– ‘धरणे’ वापरा. कापड रंग धरते, तशी गाठ मागद्रव्य धरते. त्यामुळे ‘गाठीने धरले नाही’ असे नेमके लिहिता येते. ‘निगेटिव्ह’ लिहिलेत की लोक ‘गाठच नाही’ असे समजतील, आणि ते घातक. गाठ असूनही तिच्यात ग्राही नसतील. किंवा ग्राही असतील, पण टॅमॉक्सिफेन वा फुलवेस्ट्रंट या संप्रेरकविरोधी औषधांनी त्यांच्या जागा आधीच अडवलेल्या असतील. ही औषधे बंद केल्यावरही काही काळ, फुलवेस्ट्रंटच्या बाबतीत तर कित्येक महिने, स्कॅन फसवू शकतो. ॲरोमॅटेज (शरीरात इस्ट्रोजेन बनवणारे विकर) रोखणाऱ्या गोळ्यांचे तसे नाही, त्या ग्राहीवर बसत नाहीत. यकृतातल्या गाठींबद्दल वेगळे वाक्य हवेच : यकृत मुळातच हे द्रव्य इतके धरते की त्या उजेडात गाठ दिसत नाही.

– एक शंका. दुसऱ्या एका पेट स्कॅनसाठी वापरतात त्या डोटाटेटलाही मागद्रव्यच म्हणायचे का?

– गॅलियम-६८ जोडलेले असेल तर हो, ते सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे ग्राही दाखवते. त्याच डोटाटेटला ल्युटेशियम-१७७ जोडले की ते गाठीवरचा उपचार होते. तिथे ‘किरणोत्सारी औषध’ लिहा.